ठिणगी विरुद्ध कोकम

शलू,

माझ्या कानात अजून तो आवाज आहे. तुझ्या खोलीत कुणी शिरलं की संगणकातून उमटायचा तो, दोन सुरांचा. तांब्याच्या घंगाळात एकामागून एक दोन थेंब पडावेत तसा. पहिला खालच्या पट्टीतला, दुसरा किंचित वर. त्यापाठोपाठ तुझं "या, या, कोण आलं?" आणि त्याच्याही मागून, तुमच्या चारकोपच्या स्वयंपाकघरातून, आईंच्या कुकरची शिट्टी. तू माइक कधी बंद करत नव्हतीस. त्यामुळे मुलुंडपासून अंधेरीपर्यंत विखुरलेल्या कितीतरी अनोळखी माणसांना तुझ्या घरी डाळ केव्हा शिजते हे ठाऊक होतं.

तू कशी गेलीस, कुठल्या वारी, डॉक्टर काय म्हणाले, हे गेल्या काही दिवसांत मी इतक्यांदा सांगितलं आहे की त्या वाक्यांची धार पार बोथट झाली. ती वाक्यं इथे आणणार नाही. आपल्या दोघींमध्ये त्यांचं काही काम नाही. आपल्यात राहिलं आहे ते एक भांडण, आणि त्याच्या उत्तरासाठी तू माझ्याकडून रविवारपर्यंतची मुदत मागून घेतली होतीस.

भेटायला आलेल्या एका काकांनी मला विचारलं, "अगं, ती गच्चीवरची माणसंही येऊन गेली म्हणे फोटोपाशी. कुठली गच्ची?" मी त्यांना सांगितलं की ती गच्ची कुठल्याच इमारतीवर नाही. इंटरनेटवर गप्पा मारायची एक जागा असते, तिला सर्व्हर म्हणतात. शलूने तिच्या जागेचं नाव 'गच्ची' ठेवलं होतं. तिथे नव्याने येणाऱ्याने थांबायची खोली म्हणजे 'जिना', आणि हरलेल्यांनी एकमेकांचं सांत्वन करायची खोली म्हणजे 'वाळवण'. दर दोन-तीन महिन्यांनी एका रविवारी दुपारी तिथे सामने व्हायचे. आपापल्या घरी बसून, पडद्यावर दोघांनी झुंजायचा खेळ. ते सगळं आमची शलू भरवायची. काका ऐकून घेत राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे आमच्या वेळचे कॅरमचे सामने." मी हो म्हटलं. तुला हे आवडलं असतं, म्हणून म्हटलं.

मी त्या गच्चीवर आले ती तुझ्या हट्टामुळे. "वहिनी, धावतं समालोचन मराठीत पाहिजे मला. सगळीकडे इंग्रजी नाहीतर हिंदी. तू कविता शिकवतेस ना, मग बोल की!" पहिल्या दिवशी मी तुझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि तयारी केल्याप्रमाणे सुरू झाले, "निळ्या वेशातला योद्धा आपल्या उजव्या बाहूचा भार सावरत, किंचित कललेल्या..." तेवढ्यात प्रसाद, अंधेरीचा औषधांच्या दुकानातला तो तुझा उजवा हात, ज्याला गच्चीवर सगळे बटाटा म्हणतात, मध्येच ओरडला, "वहिनी, तुमचा योद्धा बाहू सावरेपर्यंत मेला ना!" आणि एकाच वेळी एवढी घरं हसली की तुझ्या स्पीकरची जाळी थरथरली. तूही हसलीस, डोळे पुसलेस आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणालीस, "क्रियापद आधी टाक गं. विशेषणं मागनं वाढ."

मारली! निळ्याने, खालून. पडला! उठतोय. असं बोलायला मी शिकले. त्या दुपारी मला 'वहिनी' म्हणणारं तुझ्याखेरीज आणखी एक मोठं गोत मिळालं, आणि त्यातल्या एकाचाही चेहरा मी पाहिला नव्हता.

चेहरे नव्हते, पण आवाज होते. ऐकणं तुझ्याइतकं मुरलेलं मी फार थोड्या माणसांत पाहिलं, शलू. कोण बोलतंय हे तू नावावरून ओळखत नव्हतीस, त्यांच्या घरांवरून ओळखायचीस. ज्याच्या खिडकीवरून विमान खाली उतरायचं तो बटाटा. ज्याच्या मागे सतत मिक्सर चालू असायचा तो मुलुंडचा काळा विंचू. त्याची बायको इडलीचं पीठ विकायची. कुणाच्या घरी पोपट, कुणाच्या घरी आजोबांचा खोकला. "म्यूट करा ना रे जरा," असं मी एकदा वैतागून म्हणाले, तेव्हा तू हळूच म्हणालीस, "नको. घर बंद करून कुणी गच्चीवर येतं का?"

आणि तू स्वतः इतकी वाईट खेळायचीस! हे मी प्रेमानेच म्हणते आहे. दरवेळी नाव घालायचीस, दरवेळी पहिल्याच फेरीत आडवी. मग हेडफोन सारखा करून खुशाल पुढच्या सामन्यांची हाक द्यायला लागायचीस. "कोकम गेली वाळवणात," बटाटा जाहीर करायचा. कोकम हे तू घेतलेलं नाव. मी विचारलं होतं, ठिणगी, विंचू, वादळ असली नावं सोडून हे आंबट फळ कशाला? तू म्हणालीस, "जेवण कितीही बिघडू दे, शेवटी कोकम असतंच ना पानात."

आता त्या भांडणाकडे येते.

तुझ्या गच्चीवर एक रीत होती, जी मी दुसरीकडे कुठेच ऐकलेली नाही. सामना चालू असताना एखाद्याची लाईट जायची, नेट तुटायचं, कुणाला घरातून बोलावणं यायचं. इतर ठिकाणी घड्याळ लावतात. तेवढ्या वेळात आला नाही तर बाद. तू घड्याळ लावत नव्हतीस. तू समोरच्या खेळाडूला विचारायचीस, सगळ्यांच्या देखत: "थांबायचं का? नाही म्हटलंस तरी चालेल." तो 'थांबतो' म्हणाला तर सामना उघडा राहायचा, तो म्हणेल तोवर. 'नाही' म्हणाला तर तिथेच निकाल. आणि 'नाही' म्हणणाऱ्याला कुणी एक शब्द बोलायचा नाही. बोलला तर तू त्याला थेट जिन्यात पाठवायचीस.

बहुतेक सगळे थांबायचे. एक ठिणगी सोडून. घाटकोपरची ती मुलगी, पंचविशीची असेल, आवाजात सतत घाई. तिला तू विचारलंस आणि ती थांबली असं एकदाही झालं नाही. "थांबायचं का गं?" "नाही." बस. त्या 'नाही'मध्ये ना लाज ना तोरा. दार ओढून घेतल्यासारखा तेवढाच आवाज.

एका रविवारी तिच्या 'नाही'मुळे काळा विंचू उपांत्य फेरीतून गेला. त्याच्याकडे लाईट गेली होती. संध्याकाळी आपण दोघी ओट्याशी कोलंबी सोलत उभ्या होतो. तुझ्या बोटांना तो खारट, ओला वास. खिडकीतून सेक्टरमधल्या पोरांचा क्रिकेटचा गोंगाट. मी म्हणाले, "शलू, हे बरोबर नाही."

"काय? तिचं नाही म्हणणं?"

"तुझं विचारणं. किती वेळ थांबायचं ते नियमात लिहून टाक ना. तू त्या मुलीला सगळ्यांसमोर उभी करतेस आणि म्हणतेस, सांग, तू चांगली की वाईट."

"मी कुठे असं म्हणते?"

"न म्हणताच म्हणतेस."

"वहिनी, तू ना, कवितेत नाही तेसुद्धा वाचतेस." तू एका कोलंबीचा काळा दोरा ओढून काढलास. "तुला तिच्या मागचा आवाज येत नाही?"

"कसला?"

"घोरण्याचा."

"मला वाटलं जुना पंखा आहे."

"पंखा कसला! तिचे पप्पा आहेत ते. रात्रपाळीचे वॉचमन. दुपारी झोपतात. एकच खोली, एकच टीव्ही, त्यालाच तिचा खेळायचा सेकंडहँड कन्सोल जोडलेला. ते उठले की टीव्ही त्यांचा. ते उठायच्या आत तिला सगळ्या फेऱ्या उरकायच्या असतात. फायनलला पोचलीय आणि मधनंच उठावं लागलंय तिला, दोनदा. कुणासाठी थांबायला ती वेळ आणणार कुठून?"

माझा हात थांबला. "हे तुला माहीत आहे? मग तर तिला विचारूच नकोस! ही क्रूरता आहे, शलू. ती बिचारी दरवेळी सगळ्यांच्या देखत 'नाही' म्हणते. नियम कशासाठी असतात? माणसांनी एकमेकांपुढे असं उघडं पडू नये म्हणून असतात."

"मग तर विचारलंच पाहिजे."

"का?"

तेवढ्यात आतून आई म्हणाल्या, "गो बायांनो, ती कोलंबी सोलतास की तिका शाळेत घालतास?" आणि विषय तेवढ्यावर राहिला. पण माझ्या मनातून तो गेला नाही, आणि तुझ्याही गेला नसावा. त्यानंतर कित्येक दिवस फोनवर तू मध्येच म्हणायचीस, "ते तुझं क्रूरता वगैरे. विचार करतेय हां मी."

तुझ्या शेवटच्या बुधवारी तू पुढच्या सामन्यांच्या जोड्या काढल्यास. तीही तुझी एक रीत. संगणक क्षणात जोड्या लावून देतो, पण तू कागदाच्या चिठ्ठ्या करायचीस, स्टीलच्या डब्यात घालायचीस आणि कॅमेऱ्यासमोर आईंना उचलायला लावायचीस. आई कुरकुरत बसायच्या आणि एकदा बसल्या की उठायच्या नाहीत. मी मुलुंडला घरी बसून ते पाहत होते. आईंनी चष्मा कपाळावरून खाली ओढून पहिली चिठ्ठी वाचली.

"ठि-ण-गी. ह्या बरा आसा. आता हिच्यावांगडा कोण?" दुसरी उचलली. "कोकम." मग मान वर करून, "अगो, ह्या तूच मां?"

"मीच गो आई."

"मेल्या, पयल्याच फेरीत ठिणगी? जळतलंस."

सगळी गच्ची हसली. मग आईंनी पुढची चिठ्ठी उलगडली, "काळो इंचू... ह्येच्या आवशीक म्हायती आसा काय ह्या नाव?" आणि हसू पुन्हा उसळलं, मुलुंडहून विंचू गंभीरपणे म्हणाला, "आई, तिनेच लाडाने ठेवलंय."

त्यानंतर तू मला फोन केलास. तुझा आवाज थकलेला होता, पण त्यात काहीतरी गोड गवसल्यासारखं होतं. "वहिनी, सुचलं गं मला उत्तर. तुझ्या त्या भांडणाचं."

"सांग."

"फोनवर नाही. रविवारी ये, समोर बस, मग सांगते. तुझा चेहरा बघायचाय मला तेव्हा."

दुसऱ्या दिवशी तू गेलीस. ते उत्तर तुझ्याबरोबर गेलं.

शुक्रवारी संध्याकाळी मी तुझ्या घरी आईंच्या पायाशी बसले होते, तेव्हा प्रसादचा फोन आला. त्याला काहीच माहीत नव्हतं. "वहिनी, कोकमला म्हणावं फोन उचल ना. सकाळपासून लावतोय." मी त्याला सांगितलं. कसं सांगितलं आठवत नाही. पलीकडे एक विमान पूर्ण उतरलं. मग लहान मुलासारखा म्हणाला, "पण तिने आत्ताच लिहिलंय ना."

तू लिहून ठेवलं होतंस. ठरल्या वेळी आपोआप लागणारी सूचना, जी तू आठवड्याच्या सुरुवातीलाच लावून मोकळी व्हायचीस. मी तुझा संगणक उघडला आणि वाचली. "मंडळी, रविवार दुपार विसरू नका. पाणी भरून बसा, घरच्यांना सांगून बसा. ज्याची लाईट जाईल त्याने घाबरू नये, आम्ही आहोत." खाली तुझं नाव. त्याच्या खाली माणसं तुला उत्तरं देत होती. "कोकम, या वेळी तरी पहिली फेरी काढ गं." "कोकम आणि जिंकणार? गच्ची कोसळेल, आम्ही सगळे खाली येऊ." "वहिनी येणार ना बोलायला?" आपण लिहिलेल्या शब्दांआधी आपण निघून जातो हे मी वर्गात कितीदा सहज बोलून गेले असेन. त्या संध्याकाळी ते सगळं बोलणं मला हलकं वाटलं. तुझे शब्द तिथे जिवंत होते, त्यांना उत्तरं मिळत होती, आणि स्वयंपाकघरात तुझा कप पालथा घातलेला होता.

त्या उत्तरांच्या खाली मलाच लिहावं लागलं. मी बराच वेळ वाक्य जुळवत बसले. मग तुझा हात गुडघ्यावर आल्यासारखा वाटला. मी लिहिलं: "गेली आपली कोकम. काल." क्रियापद आधी. विशेषण एकही सुचलं नाही.

सामने रद्द होणार हे आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तुझा दादा, नितीन, खिडकीशी उभा राहून म्हणाला, "बंद करा ते. सुतकात कसले खेळ? लोकांचं सोड, मलाच सहन होणार नाही तो आवाज." मला त्याचं म्हणणं समजत होतं. तुझं दार वाजावं आणि तू नसावीस, तसा तो दोन थेंबांचा आवाज.  आई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "तिणा बोलावल्यान हा सगळ्यांका. दाराक इल्ल्या माणसांका परत कशी धाडतलंव?"  थोड्या वेळाने नितीनने तुझ्या संगणकाच्या वायरी एकेक करून तपासल्या आणि सैल झालेली एक घट्ट बसवली.

राहिला प्रश्न तुझ्या चिठ्ठीचा. पहिलाच सामना, ठिणगी विरुद्ध कोकम. प्रसाद फोनवर म्हणाला, "वहिनी, मी तिचं नाव काढून टाकतो. ठिणगीला थेट दुसऱ्या फेरीत घेऊ. कुणाला काही बोलायला नको."

ते सोपं होतं. नीटनेटकं होतं. मीच कधीतरी सुचवलं असतं असं होतं. तरी मी म्हणाले, "नको. चिठ्ठी आईंनी काढलीय. नाव राहू दे. जो येत नाही त्याच्यासाठी आपल्याकडे जे करतात तेच करू."

"म्हणजे ठिणगीला विचारायचं?" त्याचा आवाज चढला. "सगळ्यांसमोर? वहिनी, हा जुलूम आहे तिच्यावर. ती आता 'नाही' कशी म्हणणार?"

शलू, माझंच वाक्य. ओट्याशी उभं राहून मी तुला जे म्हणाले होते तेच, अंधेरीहून परत आलेलं. आणि त्याला द्यायला माझ्याकडे तुझं उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "तिने 'नाही' म्हटलं तर मी निकाल देईन, प्रसाद. 'कोकम बाद' असं मी स्वतः बोलेन. पण तिला न विचारता नाही." फोन ठेवल्यावर मी ते दोन शब्द मनात म्हणून पाहिले.  रविवारपर्यंत मी तेवढीच एक तयारी करत होते. ती मुलगी 'नाही' म्हणेल, कारण ती नेहमीच 'नाही' म्हणते, आणि तो तिचा हक्क आहे. आणि मग एवढ्या माणसांसमोर, तुझ्या आईसमोर, तू संपलीस हे जाहीर करण्याचं काम माझं.

रविवारी दुपारी मी तुझ्या खुर्चीवर बसले. तुझा हेडफोन कानाला लावला आणि त्याच्या उशीतून तुझ्या तेलाचा वास आला, खोबरेलात उकळलेल्या कढीपत्त्याचा. मी तो तसाच काही क्षण धरून ठेवला आणि मग काढून बाजूला ठेवला, कारण वास निघून जाईल अशी भीती वाटली, आणि कारण आईंना ऐकायचं होतं. स्पीकर लावला.

दोन थेंब. कुणीतरी आलं. मी तोंड उघडलं, पण तुझं 'या, या' माझ्या तोंडून निघेना. पुन्हा दोन थेंब. पुन्हा. माणसं येत होती आणि त्यांना या म्हणायला कुणी नव्हतं. तेव्हा माझ्या खांद्यामागून आईंचा आवाज आला, पडलेला पण स्पष्ट:

"येवा. येवा, बसा. कोण इला?"

"मी, आई," पलीकडून कुणीतरी म्हणालं. "विंचू."

"ये रे बाबा. बस."

मग त्या प्रत्येकाला येवा म्हणत गेल्या. एकही थेंब त्यांनी रिकामा पडू दिला नाही.

सगळे आल्यावर प्रसाद म्हणाला की आधी थोडा वेळ शांत राहू. आणि झालं काय, सगळ्यांनी एकदम आपापले माइक बंद केले. कुणाचं घर उरलं नाही. संगणकातून जी शांतता आली ती दुखवट्याची नव्हती. ती तार तुटल्यासारखी, आंधळी शांतता होती. पलीकडे कुणी आहे की नाही तेही कळेना. आई घाबरून म्हणाल्या, "गेले काय गो सगळे?" तेवढ्यात मुलुंडचा विंचू परत आला. "ए, म्यूट काढा रे. तिच्या गच्चीत म्यूट नसतं."

आणि घरं उघडत गेली. एकेक करून. अंधेरीवर विमान उतरलं. मुलुंडचा मिक्सर अर्ध्यात बंद झाला, पिठात पळी फिरल्याचा आवाज आला. पोपट काहीतरी पुटपुटला. कुठे बादलीत नळ पडत होता, कुठे बाळाला कुणी थोपटत होतं. घाटकोपरहून संथ, खोल, जुन्या पंख्यासारखं घोरणं. आपल्याच घरातून काही आवाज नव्हता. आपली शेगडी पेटत नव्हती, डबा शेजारून येत होता, कुकर ओट्यावर मुका बसलेला. मी डोळे मिटून ऐकत राहिले. तू काय ऐकत असायचीस ते मला त्या वेळी पहिल्यांदा पुरतं ऐकू आलं. इतकी माणसं, आणि कुणीही आपलं घर बंद करून आलेलं नव्हतं.

मग मी पहिला सामना पुकारला. ठिणगी विरुद्ध कोकम.

"ठिणगी?"

"आहे," ती म्हणाली. नेहमीची घाई आवाजात नव्हती.

"कोकम?"

मी पुकारलं, कारण पुकारायचंच असतं. पडद्यावर तुझी जागा करडी होती. आईंनी माझ्या खुर्चीची पाठ धरली. नितीन दारात येऊन उभा राहिला होता. मला त्याच्या श्वासावरून कळलं.

"कोकम आलेली नाही," मी म्हणाले. क्रियापद या वेळी शेवटी गेलं. "ठिणगी, थांबायचं का गं?" आणि तुझं पुढचं वाक्य, तुझ्याच चालीत, न चुकवता: "नाही म्हटलंस तरी चालेल."

 तिच्या मागचं घोरणं एकदा अडखळलं, पुन्हा लागलं. मग थांबलं. खाट करकरली. शलू, मी घाटकोपरची ती खोली कधी पाहिलेली नाही, पण मला दिसली: पाय जमिनीवर टेकवून बसलेला माणूस, चेहऱ्यावरून फिरवलेला हात. झोपेने जड झालेला आवाज आला, "चहा टाक गं. आणि ते बंद कर आता, बातम्या बघू दे."

तिची सगळी दुपार त्या वाक्यात संपली होती. पहिलीच फेरी, अजून एक ठोसाही मारलेला नव्हता. 'नाही' म्हटलं असतं तर निदान ती जिंकून उठली असती. मी तिला तो शब्द मनातून देत होते. म्हण गं बाई, मी निकाल देते, मी तयार आहे. 'कोकम बाद' माझ्या जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं.

"पप्पा, जरा," ती मागे वळून म्हणाली. मग माइकजवळ आली, इतकी जवळ की तिचा श्वास आमच्या खोलीत उतरला. तुझ्या रिकाम्या जागेसाठी, स्वतःजवळ नसलेल्या वेळातून, तिने मला सांगितलं:

"थांबते."